दुसऱ्या अंतऱ्यातली जागा

जुनं ड्रम मशीन हवंय ना तुम्हाला? मिळेल. त्या वरच्या फळीवर दोन पडली आहेत, दोन्ही चालतात, हवं ते उचला. पण आता साडेनऊ झालेत, मामीला पानं घ्यायला अजून अर्धा तास आहे, तेवढ्यात एक ऐकून घ्या आणि मग ठरवा. तू माझा सख्खा भाचा, आणि हे दोघे तुझे मित्र म्हणजे मलाही काही परके नाहीत, म्हणून सांगतो. एरवी गिऱ्हाइकाला असलं कोण सांगतं? दुकानाला कुलूप लागायचं.

हे माझ्या दोस्ताच्या बाबतीत घडलं. अर्धं मी डोळ्यांनी पाहिलंय, उरलेलं त्यानं मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. तो थापा मारणारा नाही. थापा मारता आल्या असत्या तर त्याचा धंदा जास्त चालला असता.

ठोक्या म्हणतो आम्ही त्याला, शाळेपासून. बाक वाजवायचा म्हणून नव्हे, दुसऱ्यानं वाजवलेला बाक तालात नाही म्हणून भांडायचा, म्हणून. घरात नळ गळायला लागला तर हा रात्री उठून बसायचा. आवाजाचा त्रास नाही रे, म्हणायचा, पण मेला तालात गळत नाही. डॉक्टरनं नाडी धरली की हाच आधी सांगणार, अठ्ठ्याहत्तर आहे, मोजून बघा. असा माणूस रेकॉर्डिस्ट होणार नाही तर काय होणार?

स्टुडिओ म्हणजे एका छापखान्याच्या मागच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत त्याची यंत्रं, आतल्या खोलीत गाणारा, मध्ये दुहेरी काच. आतल्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या आणि त्यावर जाजम. दिवसभर छापखाना धडधडायचा, खालची जमीनसुद्धा थरथरायची, म्हणून ठोक्याचं सगळं काम रात्री नऊनंतर. आणि काम टेपवर. कॉम्प्युटर होता, पण तो फक्त ताल मोजायला आणि शेवटी गाणं उतरवून द्यायला. त्याचा एक नियम होता, तोही नीट ऐकून ठेवा: एका गाण्याचा एकच टेक ठेवायचा. आवडला नाही की त्याच टेपवर, त्याच जागी पुन्हा. आधीचा पुसला गेला तरी चालेल. दोन टेक जपून ठेवले की माणूस आळशी होतो, असं त्याचं म्हणणं.

आता या गोष्टीतल्या ड्रम मशीनबद्दल. ते त्याच्या मोठ्या भावाचं, दादाचं. दादा एका वाद्यवृंदात की-बोर्ड वाजवायचा. त्यांचा ड्रमवाला कायम उशिरा यायचा, म्हणून दादानं हे घेतलं. म्हणाला, हा तरी माझ्याबरोबर घरून निघेल. मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढं, दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या, सोळा बटणं. वेगासाठी एक नॉब, त्यावर आकडे नाहीत. एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. बस.

तुमच्या कॉम्प्युटरवर मिनिटाला ब्याण्णव ठोके लिहिलं की ब्याण्णव. या मशीनमध्ये ब्याण्णव शोधावं लागतं. केसभर इकडे फिरवलं तर नव्वद, केसभर तिकडे तर पंचाण्णव. शिवाय गार असताना एक, तापल्यावर दुसरंच. चाळीस मिनिटं नुसतं चालू ठेवायचं आणि मग हात लावायचा. सुराचंही तेच. खालच्या जाड ठोक्याला सूर असतो, त्याचा वेगळा नॉब. गाण्याची पट्टी आणि ठोक्याचा सूर जुळला नाही तर ऐकणाऱ्याला काय बिघडलंय ते कळत नाही, पण तो रेडिओ बदलतो.

दादा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. झोपेत गेला. मशीन त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, माळ्यावर ठेवलं होतं. ते ठोक्यानं काढून माझ्याकडे दुरुस्तीला दिलं. उघडलं तर आतला सेल गळून हिरवा झालेला. या मशीनला बसवलेले ठेके लक्षात राहतात ते त्या सेलच्या जिवावर. सेल मेला की सगळं पुसलं जातं. मी ठोक्याला फोन करून सांगितलं, दादाचा ठेका गेला बाबा, नव्यानं बसवावा लागेल. मग साफ केलं, नवा सेल टाकला, चालू केलं आणि सहज पहिलं बटण दाबलं. ठेका होता. मी म्हटलं, असेल कुठेतरी राहिलेला. आपल्या कामात असेल म्हणून पुढं जावं लागतं, नाहीतर दिवसाला एक वस्तू हातावेगळी होणार नाही.

नोव्हेंबरची सतरा तारीख, शुक्रवार. यंदाच्या नोव्हेंबरात तीन वर्षं होतील. रात्री आठ वाजता मी ते मशीन चादरीत गुंडाळून ठोक्याच्या स्टुडिओत पोचवायला गेलो. पोचवायचं, जोडून द्यायचं आणि घरी यायचं, एवढंच काम.

वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या. हातात कोमट पाण्याचा थर्मास. त्यांच्या गळ्यात गाठ होती. सोमवारी सकाळी आठला ऑपरेशन ठरलेलं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की जीव वाचेल, आवाज राहणार नाही. त्यांची मुलगी, म्हणजे ठोक्याची पुतणी, बाळंतपणाला माहेरी आलेली, पुढच्या महिन्यातली तारीख. वहिनींनी मला सगळं शांतपणे सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. लग्नाच्या पहिल्या वर्षी दादानं त्यांच्यासाठी एक गाणं केलं होतं. ते कधी बाहेर गायलं नाही, कुठे रेकॉर्ड केलं नाही. घरातच, मशीन लावून, दोघंच.

"ते बाळ मला कधी बोलताना ऐकणार नाही," त्या म्हणाल्या. "निदान गाताना तरी ऐकू दे."

ठोक्या काचेकडे तोंड करून उगाच वायरी गुंडाळत राहिला. मलाही घरी जायचं सुचलं नाही. मी थांबलो.

मशीन वहिनींच्या शेजारी स्टुलावर ठेवलं. तशी त्यांचीच इच्छा होती. चाळीस मिनिटं तापू दिलं. मग ठोक्यानं कॉम्प्युटरवर मोजत मोजत ब्याण्णव शोधलं. तो आकडा दादाच्या वहीत होता. नॉब हलू नये म्हणून मी वरून चिकटपट्टी लावली. पूर्वी वहिनी काळी चारच्या पट्टीत गायच्या, आता आवाज उतरला होता, काळी तीनच्या वर जाईना. म्हणून जाड ठोकाही काळी तीनला लावला. त्यावरही चिकटपट्टी. चांगली टेप सहा मिनिटांपुरतीच उरली होती. गाणं साडेचार मिनिटांचं. बाकीची वाद्यं नंतर भरायची ठरली. टेपच्या एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला वहिनींचा आवाज.

पहिला टेक.

काय गायल्या म्हणून सांगू तुम्हाला. मुखडा जरा कापरा झाला, पहिल्या अंतऱ्यात आवाज मोकळा झाला आणि दुसऱ्या अंतऱ्यात माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हो, मी रडलो, त्यात लाजायचं काय? तिथे एक लांब ओळ आहे, एका श्वासात म्हणायची. ती ओळ आली आणि ठेका किंचित मागे सरला. जिन्यावर पुढे गेलेला माणूस मागच्यासाठी थांबतो, तेवढाच. वहिनींनी ओळ पुरी केली, श्वास घेतला, आणि ठेका पुन्हा चालायला लागला.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "झालं, भाऊजी. हेच हवं होतं मला."

ठोक्या पडद्याकडे बघत होता. दुसऱ्या अंतऱ्यात ब्याण्णवचं अठ्ठ्याऐंशी झालं होतं. आणि जाड ठोका काळी तीनवरून सरकत सरकत काळी चारला जाऊन बसला होता. वहिनीही त्याच्याबरोबर वर गेल्या होत्या, वर्षभरात गेल्या नव्हत्या तिथे. ठोक्या म्हणाला, असं मी बाहेर जाऊ देणार नाही. चार ठोक्यांचा फरक आहे. लोक ऐकतील तर म्हणतील, याच्या मशीनची दुरुस्ती झाली नव्हती का?

आता दुरुस्ती माझी होती. मी म्हणायला हवं होतं, अरे गाढवा, लोक कुठले, एक बाळ ऐकणार आहे. पण मला माझं काम खरं करायचं होतं. मी म्हटलं, तापून सरकत असेल, थांब, बघतो. तेवढंच निमित्त त्याला पुरलं. त्यानं टेप मागे फिरवली.

तेव्हा वहिनींनी सांगितलं. त्या लांब ओळीला त्यांचा श्वास पहिल्यापासूनच कमी पडायचा. म्हणून दादा उजव्या हातानं वाजवायचा आणि डावा हात वेगाच्या नॉबवर ठेवायचा. ती ओळ आली की हळूच कासवाकडे न्यायचा, त्यांनी श्वास घेतला की परत आणायचा. ते मशीनचं बिघडणं नाहीच, त्यांचा हात आहे तो, असं त्या म्हणाल्या.

ठोक्या म्हणाला, "दादा हातानं करायचा, वहिनी. आता हात कुठे आहे?"

वहिनी उठल्या. आतल्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. मी काचेतून नॉबकडे बघितलं. चिकटपट्टी होती तशी होती.

पहिला टेक पुसला गेला. दुसरा, तिसरा, चौथा. दरवेळी मुखडा ब्याण्णव, पहिला अंतरा ब्याण्णव आणि त्या ओळीला घसरण. सत्त्याऐंशी. शहाऐंशी. ठोक्या मध्येच थांबवायचा आणि पुन्हा घ्यायचा. वहिनींचा आवाज प्रत्येक वेळी थोडा खाली बसत गेला. रात्री अकराला त्यांना खोकला आला आणि रुमालावर लाल डाग दिसला. तेव्हा कुठे ठोक्या भानावर आला आणि उद्या बघू म्हणाला.

वहिनींना घरी सोडून आल्यावर मी मशीन उघडलं. पहाटे दोनपर्यंत तपासलं. तापून वेग सरकतो, सूरही सरकतो, पण तो हळूहळू, पहिल्या मिनिटापासून. त्याला मुखडा कुठला, अंतरा कुठला, काय कळणार? गाण्याशिवाय नुसता ठेका वाजवून पाहिला. तासभर. ब्याण्णव. एक ठोका इकडचा तिकडे नाही.

मी काहीच न बदलता ते पुन्हा बंद केलं. ठोक्याला सांगितलं की मशीनमध्ये दोष नाही. आणि शनिवारी रात्री मी गेलो नाही. पाठ धरली असं कळवलं. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं.

इथून पुढचं ठोक्याचं.

शनिवारी वहिनी रात्री दहाला आल्या. मुलगी नको म्हणत होती, तरी आल्या. बोलताना आवाज जेमतेम निघत होता. मध्ये काही टेक झाले, पूर्ण एकही नाही. ठोक्याला आपण काय घालवलं ते तोवर उमगलं होतं. वहिनी, शुक्रवारचा पहिला टेक मी पुसायला नको होता, असं तो म्हणाला. त्यावर त्यांनी नुसतं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पाणी प्यायल्या. वीस मिनिटं डोळे मिटून बसल्या. मग उठल्या.

"आता एकदाच," त्या म्हणाल्या. "मध्ये थांबवू नका, भाऊजी. आज ते नेतील तसं जाऊ दे."

दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ठोक्यानं टेप सोडली. कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ताल मोजला नाही.

मुखडा... आणि ठोक्या खुर्चीत ताठ झाला. हा आवाज मघाचा नव्हता. वर्षापूर्वीचाही नव्हता. ठोक्या स्वतः शाळेत असताना दादाच्या खोलीच्या बंद दारातून यायचा, तो. स्वच्छ. काळी चार. आवाजाचा काटा हलत होता, कानावरच्या हेडफोनमध्ये एकेक शब्द येत होता. मला तो हेही म्हणाला की, त्या क्षणी मला वहिनींची काळजी वाटली नाही रे, टेकची वाटली. टेक असा रंगला की रेकॉर्डिस्ट देवालासुद्धा थांबवत नाही.

पहिला अंतरा झाला.

दुसरा सुरू झाला. लांब ओळ आली. ठेका मागे सरला.

ठीक. ते ठाऊक होतं.

आणखी मागे सरला.

आणखी.

दोन ठोक्यांच्या मधे आता एक माणूस आरामात श्वास घेईल एवढी जागा झाली. वहिनी श्वास घेत नव्हत्या. सूर धरून उभ्या. डोळे मिटलेले. त्यांचा डावा हात मशीनच्या दिशेनं... मशीनवर नाही, मशीनच्या थोडा वर. हवेत. कुणाच्या हातावर हात ठेवावा तसा.

ठोका.

...

ठोका.

ठोक्याचं बोट थांबवायच्या बटणावर होतं. फक्त दाबायचं. त्यानं दाबलं नाही. ओळ संपू दे. एवढी ओळ...

पुढचा ठोका पडला नाही.

वहिनींचा सूर चालू होता. काचेपलीकडे त्यांचे ओठ पांढरे पडत होते, मग निळसर. तरी सूर हलला नाही. काटा सरळ उभा. माणसाच्या छातीत एवढा श्वास नसतो... ठोक्यानं हेडफोन फेकला. दाराकडे धावला. मधलं दार जड, गादी लावलेलं. ते ओढेपर्यंत...

आत शांतता होती.

वहिनी उभ्याच होत्या. तोंड उघडं. आवाज नाही.

त्यानं त्यांचे खांदे धरले आणि त्याच क्षणी शेजारी मशीनचा ठोका पडला. एकच. सम. वहिनींनी मोठा श्वास घेतला आणि त्या खाली बसल्या. मशीन पुढे ब्याण्णवनं वाजत राहिलं, गाणं संपेपर्यंत, आणि मग बंद झालं.

ते कोणी बंद केलं, हे मी ठोक्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, मी केलं नाही.

वहिनींनी बोलायचा प्रयत्न केला. ओठ हलले. पुन्हा हलले. मग त्यांनी गळ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. ऑपरेशन सोमवारी होतं, पण आवाज शनिवारच्या रात्रीच गेला होता.

रविवारी सकाळी सहाला ठोक्याचा फोन आला, ये म्हणून. मी गेलो. मशीनची वायर भिंतीतून काढून ठेवलेली. वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या, थकलेल्या. त्यांच्यासमोरच ठोक्यानं टेप लावली आणि तिची फाईल कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. आम्ही तिघांनी ऐकलं.

मशीन होतं. लख्ख. आवाजाच्या बाजूला... काही नव्हतं. म्हणजे अगदी काहीच नाही असं नाही. वहिनींचे श्वास होते. मुखड्याआधीचा, दोन ओळींमधले, सगळे आपापल्या जागी. श्वास होते, त्यांच्या मधलं गाणं नव्हतं. ठोक्यानं वायरी तपासल्या, मी तपासल्या. माइक चांगला, टेप चांगली. जो माइक श्वास घेतो तो सूर का घेणार नाही? तुमच्या कॉलेजात कुणाकडे उत्तर असलं तर सांगा.

आणि दुसऱ्या अंतऱ्यात ती जागा होती. ठेका थांबतो, काही नाही, काही नाही, मग सम. ठोक्यानं सवयीनं मोजली. अकरा सेकंद. पूर्ण फाईल चार मिनिटं अडतीस सेकंद. त्यानं ते डब्यावर लिहिलं, तारीख घातली आणि मग तोंड झाकून रडला. दादा गेला तेव्हाही रडला नव्हता तेवढा रडला. वहिनी त्याची समजूत काढू शकत नव्हत्या, त्यांच्याकडे तेवढाही आवाज नव्हता. त्यांनी कागदावर लिहून दाखवलं: हेच द्या. माझा श्वास तरी आहे ना.

ऑपरेशन नीट झालं. महिनाभरानं नात झाली. ठोक्यानं स्टुडिओ बंद केला, टेप जाळून टाकली, आता तो एका शाळेत लाउडस्पीकरचं काम बघतो. मशीन माझ्याकडे ठेवायला आणलं होतं, मी ते सुटं करून विकलं. वरच्या फळीवरचं त्यातलं नाही, घाबरू नका.

फाईल पुतणीच्या फोनवर राहिली. तिनं सहज लावून पाहिली आणि तान्हं बाळ रडायचं थांबलं. तेव्हापासून रोज रात्री झोपताना तेच. ते लावल्याशिवाय पोरगी झोपत नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो, वहिनी आता लेकीकडेच राहतात. रात्रीचे नऊ. पोर आता अडीच वर्षांची आहे. वहिनी पलंगावर टेकून बसल्या, पोर त्यांच्या मांडीवर. आईनं फोन उशाशी ठेवला, फाईल लावली आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी खुर्चीत होतो. मशीनचा ठेका सुरू झाला. श्वास ऐकू आला. पोर आजीच्या तोंडाकडे बघत होती. वहिनींचे ओठ हलत होते, शब्दांवर, आवाजाशिवाय.

दुसरा अंतरा आला. ठेका मागे सरला. थांबला.

वहिनींनी श्वास धरला. सवय असेल, मी म्हटलं.

मग मी पोरीकडे पाहिलं. तिनंही धरला होता. गाल फुगवून नाही, पोरं खेळताना धरतात तसा नाही. नुसती थांबली होती. डोळे उघडे.

भिंतीवर घड्याळ होतं. मी काट्याकडे बघायला लागलो. आठ... नऊ... दहा... अकरा.

ठोका पडला नाही.

बारा... तेरा...

मी खुर्चीतून अर्धा उठलो.

सोळा... सतरा...

पोरीचे ओठ...

एकोणीस. सम पडली. दोघींनी एकदम श्वास घेतला. पोर कुशीवर वळली आणि झोपली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली.

मी चष्मा पुसला आणि फोन हातात घेतला. खाली लांबी दिसते ना, ती बघितली. चार मिनिटं शेहेचाळीस सेकंद. आता टेप लांबते, हे मला मान्य आहे. ऊन लागलं, दमट झालं की टेप ओढली जाते. पण ती टेप नव्हती. फाईल होती. फाईल कशानं लांबेल, तूच सांग, तुझं तर शिक्षणच त्यात चाललंय.

मी त्याच रात्री पुतणीला म्हटलं, हे लावू नकोस. ती हसली. म्हणाली, काका, मग तिला तुम्हीच झोपवायला या रोज. कारण विचारलं असतं तर काय सांगणार होतो मी? ठोक्यालाही बोललो नाही, त्याला आधीच पुरे झालंय.

काल रात्री मात्र राहवलं नाही. पुतणीला फोन केला. पोर नुकतीच झोपली होती. म्हटलं, एक काम कर, त्या गाण्याखाली लांबीचा आकडा असतो, तो मला वाचून दाखव.

ती म्हणाली, "चार मिनिटं एक्कावन्न सेकंद. का हो काका?"